पीट खणून उरलेली वाट

नेदरलँड्सच्या ईशान्य कोपऱ्यात ड्रेन्थ नावाचा प्रांत आहे. त्यातल्या क्लाझिनाव्हेन गावाजवळून रोड बाइक घेऊन निघालं, तर बराच वेळ काहीच घडत नाही. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला बटाट्याची शेतं आणि समोर नजर संपेपर्यंत सरळ रस्ता. वळण आलंच तर काटकोनात. कात्रज किंवा खंबाटकी चढून पाय तयार झालेल्या माणसाला इथे गिअरला हात लावायचं कारण एकच, वारा.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या मुलखाचं वर्णन ‘शांत निसर्ग’ असं असतं. शांतता आहे, पण निसर्गाचा वाटा फार थोडा. हा सगळा भाग एका इंधनाची खाण होता. सायकलस्वार जिथून जातो, त्या जमिनीवर कधीकाळी काही मीटर उंचीचा आणखी एक थर होता. तो कापून, वाळवून, शहरांत नेऊन जाळला.

आपल्याकडच्या नर्सरीत ‘कोकोपीट’ मिळतं. त्यातला ‘पीट’ हा शब्द याच इंधनाचा. नारळाच्या काथ्याचा भुसा त्याची जागा घेतो म्हणून त्याला ते नाव. खरं पीट म्हणजे दलदलीत साचलेलं, पूर्ण न कुजलेलं शेवाळ. वर्षाला साधारण एक मिलिमीटर थर चढतो, म्हणजे चार-पाच मीटरसाठी हजारो वर्षं. असं ओलं पीट बहुतांशी पाणीच असतं. ते नुसतं खणून उपयोग नाही, आधी पाणी काढायला हवं आणि मग माल न्यायला वाट हवी. दोन्ही कामं कालवा करतो. म्हणून इथे आधी कालवा आला, मग माणसं, मग गाव आणि रस्ता सगळ्यांत शेवटी.

सतराव्या शतकात डच शहरं भरभराटीला आली तेव्हा त्यांच्याकडे जंगल जवळजवळ उरलं नव्हतं. बिअरच्या भट्ट्या, विटांच्या भट्ट्या, बेकऱ्या, घरातल्या शेगड्या असं सगळं पीटवर चाले. पश्चिमेकडचं पीट उपसता उपसता तिथे तळी झाली आणि व्यापाऱ्यांची नजर ईशान्येकडे वळली. 1625 मध्ये रुलोफ फान एख्टन या जमीनदाराने दलदलीचा मोठा पट्टा विकत घेतला. त्यातून होगेव्हेन वसलं. ‘व्हेन’ म्हणजे पीटची दलदल. नकाशावर या भागात ज्या गावाच्या शेवटी ‘व्हेन’ दिसेल, तिथे बहुधा कुणीतरी खणलेलं आहे. 1765 मध्ये ग्रोनिंगेन शहराने स्वतःचा कालवा खणायला घेतला. त्याच्या काठी जे गाव झालं त्याचं नावच स्टाट्सकनाल, म्हणजे ‘शहराचा कालवा’.

आखणी ठरलेली असे. एक मुख्य कालवा आणि त्याला काटकोनात ठरावीक अंतराने लहान कालवे. मजूर पीटच्या विटा कापत, आणि त्या वाळायला अशा रचत की आपल्याकडचे गोवऱ्यांचे हुडवे आठवावेत. वाळलेला माल सपाट बुडाच्या होड्यांत भरायचा आणि होडी काठावरून माणसाने नाहीतर घोड्याने ओढायची. ती ओढण्यासाठी काठाने जी पायवाट लागे, तिच्यावरूनच आज ठिकठिकाणी सायकली जातात. पाण्याला वळणं देण्यात खर्च होता, म्हणून कालवा सरळ आणि त्याच्या काठची वाट सरळ. गावही मग चावडीभोवती गोळा होण्याऐवजी कालव्याच्या कडेने मैलभर ताणलेलं, प्रत्येक घराला आपापला छोटा पूल.

या व्यवस्थेतली मला सर्वांत हुशारीची वाटणारी गोष्ट परतीच्या फेरीत आहे. ग्रोनिंगेनला पीट उतरवलेल्या होड्यांनी रिकामं परतायचं नाही, शहरातला कचरा आणि मैला भरून न्यायचा. पीट काढून उघड्या पडलेल्या वाळूत वरचा भुसभुशीत थर मिसळायचा, त्यावर हे सोनखत टाकायचं, की शेत तयार. या शेतांत पुढे बटाटा आला. 1842 मध्ये विलेम आल्बर्ट स्कोल्टन याने ग्रोनिंगेनजवळ बटाट्याच्या स्टार्चचा कारखाना काढला आणि पुढे तो पीटच्या धंद्यातही उतरला. क्लाझिनाव्हेन हे नाव त्याच्याच बायकोचं. गावाला बायकोचं नाव देणाऱ्या या माणसाच्या धंद्यात, म्हणजे पीटच्या धंद्यात, मजुरांची घरं मात्र मातीच्या ढेपांची असत. त्यांना सामान ठेकेदाराच्या किंवा मुकादमाच्या दुकानातूनच घ्यावं लागे, चढ्या भावाने, आणि मजुरीचा मोठा भाग तिथेच जिरत असे. उसाच्या फडावरची उचल ज्यांना माहीत आहे त्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही.

1883 च्या सप्टेंबरात व्हिन्सेंट व्हान गॉग हेगहून होगेव्हेनला आला. तिथून कालव्यातल्या प्रवासी होडीने तो नीउ-अ‍ॅमस्टरडॅम या पीटच्या गावी गेला आणि डिसेंबरात परतला. पीटच्या होड्या, शेतात वाकलेल्या बायका, ढेपांच्या झोपड्या त्याने तिथे रंगवल्या. त्याच 1883 मध्ये डच सायकलस्वारांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. पुढे तिचं नाव एएनडब्ल्यूबी झालं आणि आज ती मुख्यतः मोटारवाल्यांना रस्त्यात मदत करणारी संस्था म्हणून ओळखली जाते. पण ‘डब्ल्यू’ हे अक्षर सायकलस्वारांचंच. रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावायचं काम या संघटनेने हाती घेतलं. 1919 पासून सायकलच्या वाटांवर तिचे बुटके, कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचे दर्शक खांब उभे राहू लागले. ते आजही आहेत. सायकलवरून वाचायचे म्हणून ते जमिनीलगत.

रस्त्यांसाठी पैसा कुठून आला, हाही किस्साच आहे. 1924 मध्ये सरकारने सायकलवर कर बसवला. कर भरल्याची धातूची पट्टी सायकलला लावावी लागे. बेकारांना ती फुकट मिळे, पण भोक पाडलेली, म्हणजे लांबूनच कळावं. सायकलवाल्यांचा पैसा मोटारींच्या रस्त्यांवर जातो, ही तक्रार तेव्हाचीच. कर गेला तो 1941 मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात. पट्टीतल्या भोकाची गोष्ट ड्रेन्थमध्ये जास्त लागू होती, कारण तोवर कोळशाने पीटचा बाजार मोडला होता आणि पीटकामगारांच्या गावांत बेकारी माजली होती.

माळरानाचाही जन्म असाच. उन्हाळ्याच्या शेवटी जांभळ्या फुलांनी भरणारा इथला माळ पाहून तो आदिम वाटतो, पण तो मेंढ्यांनी केलेला आहे. शतकानुशतकं गावची मेंढरं तिथे चरत. माळाच्या ढेपा कापून मेंढवाड्यात पसरायच्या आणि लेंडी-मुतात मुरल्या की शेतात टाकायच्या. आपल्याकडे धनगरांचा कळप शेतात बसवतात, त्याचंच हे कष्टाचं रूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक खत आलं, लोकरीचा भाव पडला आणि मेंढ्यांची गरज संपली. पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी 1888 मध्ये एक संस्थाच स्थापन झाली आणि बहुतेक माळ नांगरला गेला. उरला त्यातला मोठा तुकडा म्हणजे ड्विंगेलडरवेल्ड. 1991 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथला माळ टिकावा म्हणून आता मुद्दाम मेंढ्या चारतात.

शर्यतीच्या नकाशावर ड्रेन्थ 1960 मध्ये आलं, ‘रोंडे फान ड्रेन्थ’ या शर्यतीने. सपाट मुलखात शर्यत कंटाळवाणी होईल असं वाटतं, पण बाजूने वारा सुटला की खेळ बदलतो. एकमेकांच्या आडोशाने जाणारे स्वार रस्त्यावर तिरकी रांग धरतात. डच भाषेत तिला ‘वायर’ म्हणतात, म्हणजे हातपंखा. रस्त्याची रुंदी संपली की रांगेत जागा उरत नाही आणि बाहेर पडलेला स्वार थेट वाऱ्याच्या तोंडी. कालव्याकाठच्या अरुंद, झाडं नसलेल्या रस्त्यावर हे फार लवकर होतं. शिवाय गोट्यांच्या फरसबंदीचे पट्टे आहेत. हिमयुगात बर्फाने स्कँडिनेव्हियातून आणून टाकलेले दगड या प्रांतात विपुल आहेत. पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी त्यांतल्याच मोठ्या शिळांची थडगी रचली आणि नेदरलँड्समधल्या अशा 54 थडग्यांपैकी 52 ड्रेन्थमध्ये आहेत. समुद्राच्या बांधांसाठी दगडांना भाव आला, तेव्हा ती फोडली जाऊ नयेत म्हणून 1734 मध्येच प्रांताने हुकूम काढला होता.

आणि चढ? चढही माणसानेच केला, तोही कचऱ्याचा. 1929 मध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीने हेगसारख्या शहरांचा कचरा रेल्वेने वाइस्टरजवळच्या माळावर आणायला सुरुवात केली. रेल्वेमार्ग जवळ होता, जमीन स्वस्त होती आणि आजूबाजूच्या रेताड शेतांना कंपोस्ट हवंच होतं. ग्रोनिंगेनच्या होड्यांची जुनीच युक्ती, फक्त आता डब्यांतून. ज्याचं खत होत नव्हतं त्याचा ढीग वाढत गेला आणि कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याला व्हीएएम-बर्ग म्हणू लागले. ‘बर्ग’ म्हणजे पर्वत! उंची साठ मीटरच्या आसपास. आपल्याकडे याला टेकडी म्हणतानाही कुणी दोनदा विचार करेल. पण त्यावर गोट्यांचा तीव्र चढ बांधला आणि 2023 ची युरोपियन अजिंक्यपद शर्यत तिथेच संपली. पुरुषांत फ्रान्सचा क्रिस्टोफ लापोर्त जिंकला, महिलांत नेदरलँड्सची मिशा ब्रेडेवोल्ड. शहराच्या उकिरड्यावर युरोपचा विजेता ठरला, याचं तिथे कुणाला फारसं नवल वाटलेलं दिसत नाही.

हौशी स्वाराला मात्र विजेत्यांपेक्षा सायकलवाटांच्या फाट्यांवरच्या खांबांवर लिहिलेल्या क्रमांकांशी जास्त काम. 37 वरून 52, तिथून 18 असे आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून हँडलला चिकटवायचे आणि निघायचं. ही पद्धत मूळची डच नाही. बेल्जियमच्या लिंबुर्गमधल्या ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याला जमिनीखालच्या बोगद्यांतल्या फाट्यांवरच्या खुणांवरून ती सुचली आणि 1995 मध्ये तिथे पहिलं जाळं उभं राहिलं. कोळशाच्या खाणीतली युक्ती अशी पीटच्या खाणीवर येऊन बसली.

हे आकडे धरत जर्मन सीमेकडे गेलं की बार्गरव्हेन लागतं. पीटचा हा शिल्लक तुकडा. इथली कापणी 1992 मध्ये थांबली आणि आता बांध घालून पाणी अडवलं आहे, शेवाळ पुन्हा वाढावं म्हणून. बाहेरच्या रस्त्यावर सायकल थांबवली तर दलदल पाहायला मान वर करावी लागते, कारण आजूबाजूची शेतं तिच्यापेक्षा खाली आहेत. मूळ जमीन कुठवर होती, ते तिच्या काठावर दिसतं.