एचबीच्या खालची ओळ

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर आधी एचबीवर जाते. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली असलं की ‘अंगात रक्त कमी’ असं ठरतं. लोहाच्या गोळ्या येतात, बीट आणि खजूर सुरू होतात. पण ‘रक्त कमी’ म्हणणं हे ‘ताप आहे’ म्हणण्यासारखं आहे. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा हे आपण विचारतो. रक्ताच्या बाबतीत तो प्रश्न विचारायचाच राहून जातो.

त्याच रिपोर्टात थोडं खाली ‘एमसीव्ही’ असतं. तांबड्या पेशीचं हे सरासरी आकारमान, साधारण ८० ते १०० फेम्टोलीटर. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट होतात. बी१२ किंवा फोलेट ही जीवनसत्त्वं कमी पडली तर डीएनए वेळेवर तयार होत नाही, पेशीचं विभाजन रखडतं आणि ती मोठी, बेढब होते.

या मोठ्या पेशींच्या कोड्याचा एक धागा मुंबईत सुटला. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जीवघेणा पांडुरोग, म्हणजे रक्त कमी होण्याचा आजार, होत होता. तिने त्यांचं खाणंपिणं बारकाईने तपासलं आणि पुढे यीस्टचा अर्क देऊन त्या बऱ्या होतात हे दाखवलं. त्या अर्कातलं औषधी द्रव्य म्हणजे फोलेट, हे नंतर कळलं. आज गरोदरपणात दिली जाणारी फोलिक अॅसिडची गोळी त्याच वाटेने आली आहे.

इथे एक धोका आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बी१२ कमी असताना नुसतं फोलिक अॅसिड घेतलं तर एचबी वाढतं, पण मज्जातंतूंची झीज चालूच राहते. पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, आणि हातातला रिपोर्ट मात्र छान दिसतो. शाकाहारी घरांत, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि वर्षानुवर्षं अॅसिडिटीच्या गोळ्या खाणाऱ्यांत बी१२ आवर्जून तपासावं. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी ‘नॉर्मल’ येऊ शकते. अशा वेळी ‘आरडीडब्ल्यू’ हा आकडा वाढलेला असतो, कारण तो पेशींच्या आकारातली तफावत मोजतो.

आता हा रिपोर्ट पाहा: एचबी १०.८, एमसीव्ही ६४, तांबड्या पेशी ५६ लाख, म्हणजे ५.६ दशलक्ष. पेशी लहान आहेत, म्हणजे लोह कमी असणार असं वाटतं. पण लोहाच्या कमतरतेत पेशींची संख्याही सहसा घटते, इथे ती भरपूर आहे. ६४ ला ५.६ ने भागलं तर ११.४ येतात. हे उत्तर १३ च्या खाली असलं की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा वाहक असल्याची, शंका घ्यावी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी करावी. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, चांगलं असेल तर या माणसाला लोहाची गरज नाही. लग्न ठरवताना मात्र ही माहिती हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर प्रकार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकलसेलचा विचार आधी करावा लागतो. या आनुवंशिक आजारात पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांत फुटतात. अंग ठणकून दुखतं. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने दुखण्याचे हे झटके कमी होतात.

सगळ्यांत जास्त आढळतो तो लोहाच्या कमतरतेचाच पांडुरोग. गोळीसोबत चहा नको, लिंबू चालेल. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये. रोज पचत नसेल तर डॉक्टरांना विचारून दिवसाआड घ्यावी, शोषण चांगलं होतं. एचबी भरलं तरी साठा भरायला पुढे सुमारे तीन महिने लागतात, आणि नेमकी तेव्हाच गोळी बंद केली जाते.

आणि लोह गेलं कुठे? तरुण बाईची पाळी जास्त जाते का, हे तिला कुणीतरी नीट बसून विचारलं पाहिजे. साठीच्या पुरुषाचं फेरिटिन तळाला गेलं असेल तर गोळी सुरू करावीच, पण त्याच आठवड्यात दुर्बिणीने पोट आणि मोठं आतडं तपासायची वेळही घ्यावी. आतून थेंब-थेंब रक्त जात असेल, तर ते अल्सरमधून की कॅन्सरच्या गाठीतून, हे एचबीचा आकडा सांगत नाही.