हँडब्रेक लावून गाडी बंद पाडली म्हणजे क्लच चांगला? नाही!

जुनी गाडी घेताना हमखास सांगतात: हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच सोडा, इंजिन बंद पडलं की क्लच ठणठणीत. ही चाचणी अर्धवट आहे. गाडी जागची न हलता इंजिन चालूच राहिलं तर क्लच नक्कीच घसरतोय, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पूर्ण पोचत नाही. पण बंद पडलं म्हणून क्लचची प्लेट चांगली ठरत नाही, कारण आयडलिंगला इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) इतका कमी असतो की झिजलेली प्लेटही तो पेलते.

क्लच आधी घसरतो तो पूर्ण टॉर्कला. टर्बो डिझेलमध्ये साधारण २००० आरपीएमच्या आसपास. म्हणून मोकळ्या चढावर, इंजिन गरम असताना, चौथ्या गिअरमध्ये ४०-५०च्या वेगाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. एक-दोनदाच करा, उगाच प्लेटचं लायनिंग (घर्षणाचा थर) जाळू नका.

प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवण्याआधी केबलच्या क्लचचा फ्री प्ले, म्हणजे पेडल दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल, जरूर बघा. पेडलला तो अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) सतत दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. तिथे फक्त केबलचा नट फिरवून काम होतं. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधून तेल गळून प्लेटवर येत असेल, तर सील न बदलता टाकलेली नवी प्लेटही वाया जाते.