पॅनल लाइन वेगळी, कंट्रोल सरफेसची फट वेगळी

१:७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, प्लास्टिकचं मॉडेल विमान रंगवण्याआधी स्क्राइबिंग, म्हणजे त्यावर सुईने रेघा कोरणं, सगळेच करतात. वैताग येतो तो एका गोष्टीचा: बहुतेक जण प्रत्येक रेघ एकाच सुईने, एकाच खोलीची ओढतात. पत्र्याचा सांधा, म्हणजे पॅनल लाइन, तेवढाच खोल आणि एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या बाजूच्या हलत्या भागाची, कडही तेवढीच. अहो, एक म्हणजे दोन फरशांमधला सांधा आणि दुसरी म्हणजे दाराची फट. फरशी हलत नाही, दार हलतं.

स्क्राइबिंगचा हात तुम्हाला बसलेला आहे असं धरतो. गाइडला जाड टेप, सुईवर जोर नको, तीन-चार हलक्या फेऱ्या. रेघ घसरली तर पुट्टी भरू नका, तिच्यात सुई फिरवली की कडा तुटतात. फेविक्विक भरा आणि वाळल्यावर लगेच वॉटर पेपरने घासून घ्या. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होऊन बसतं आणि आजूबाजूचंच प्लास्टिक आधी झिजतं. जुन्या किटवर (मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचावर) रेघा उठावाच्या असतील तर आधी त्यांच्या कडेने नवी रेघ ओढा, मग उठाव घासा.

आता मुख्य मुद्दा. १:७२ मध्ये ०.१ मिमी रुंदीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ मिमी. ०.३ मिमी ओढलीत तर झाले २१.६ मिमी, म्हणजे सांध्यात बोट जाईल! खऱ्या विमानात दोन पत्रे एकमेकांना भिडवून रिव्हेट मारलेले असतात. म्हणून पॅनल लाइन जेमतेम जाणवेल इतकीच हवी. किटवर ती आधीच कोरलेली असेल तर मी तिला हातही लावत नाही, फक्त सांधा घासताना पुसली गेलेली तेवढी परत ओढतो.

फटीचं उलट. एलेरॉन, रडर (उभ्या शेपटीवरचा) आणि एलेव्हेटर (आडव्या शेपटीवरचा) हे कंट्रोल सरफेस, म्हणजे विमान वळवणारे हलते भाग. ते वेगळे तुकडे आहेत, त्यांच्यामागे खरी पोकळी असते. तिथे सुई नको, हॉबी नाइफच्या पात्याची पाठ वापरा आणि बिनधास्त खोल जा. पण नुसती खोली पुरत नाही. बिजागरीवर फिरणाऱ्या भागाची पुढची कड गोल असते आणि ती पंखाच्या कडेखाली शिरते. तेव्हा पंखाची कड धारदार ठेवा आणि एलेरॉनची कड घडी घातलेल्या वॉटर पेपरने हलकेच गोल करा. एवढ्यानेच तो भाग वेगळा दिसायला लागतो, काळा वॉश (रेघांत उतरणारा पातळ रंग) ओतावा लागत नाही. बहुतेकांचं हमखास राहतं ते एलेरॉनच्या दोन टोकांचं काम. ती टोकं बारीक करवतीने मागच्या कडेपर्यंत आरपार चिरा. मागून पाहिल्यावर खाच दिसली नाही, तर तो एलेरॉन पंखावर नुसता रेखाटलेला वाटतो.

फट कुठे नसते हेही बघा. मिग-२१ चा आडवा शेपटीपंख अख्खाच फिरतो, त्यावर बिजागरीची रेघ नाहीच. स्पिटफायरचे फ्लॅप (उतरताना उघडणाऱ्या झडपा) फक्त पंखाच्या खालच्या बाजूला उघडतात, त्यामुळे वरून फ्लॅपची फट कोरणं सरळ चूक आहे. सुरुवातीच्या स्पिटफायरचे रडर आणि एलेव्हेटर कापडाने मढवलेले होते. कापडावर कसली आलीय पॅनल लाइन?

एलेव्हेटर कापून किंचित खाली झुकवलेत तर फारच छान. एलेरॉन मात्र एक वर, एक खाली. दोन्ही खाली झुकवलेलं स्पिटफायर बघवत नाही.

फोटोंवर विसंबू नका, वॉश मारलेल्या मॉडेलच्या फोटोंवर तर नाहीच. पुणे कॅन्टोन्मेंटमधल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ बीएन उभं आहे. त्याच्या शेपटीशी थांबून आधी रडरची कड बघा, मग उभ्या शेपटीवरचे पत्र्यांचे सांधे शोधा. घरी येऊन तीच शेपटी १:७२ मध्ये डोळ्यांपुढे आणा आणि मग सुई उचला.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, पातळच मारा. जाड थर पहिल्यांदा पॅनल लाइनच बुजवतो, आणि मग लोक ती पुन्हा खोल करायला बसतात.