गाडी किती खाली घ्यावी?

गाडी ‘लो’ करायला निघालेल्याची नजर बहुधा टायर आणि फेंडर यांच्यामधल्या फटीवर असते. चार बोटांची फट दोन बोटांवर आली की गाडी देखणी दिसते, हे खरेच. परंतु उंची ठरवताना पाहायचा भाग चाकाच्या मागे, लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, तिरकसपणात असतो.

वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो आणि तो किती सरकेल हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. छोट्या मोटारीत ही उंची साधारण ५० ते ५५ सेंटिमीटर धरली, तर गाडी ४० मिलिमीटर खाली घेतल्याने सरकणारा भार जेमतेम सात-आठ टक्क्यांनी घटतो. फायदा आहे, पण छातीठोकपणे सांगितला जातो तेवढा नाही.

उलट, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेली रचना) असलेल्या गाडीत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये, गाडी खाली आली की आर्मचे चाकाकडचे टोक आतल्या टोकाच्या तुलनेत वर जाते आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली घसरतो. या दोन बिंदूंमधले अंतर वाढले की कलवणारा जोर वाढतो. त्यामुळे स्प्रिंग मूळचीच नरम राहिली, तर खाली घेतलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलू शकते. स्टीअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणाऱ्या टायरॉडचा कोनही बदलतो, आणि अलाइनमेंट पुन्हा केली नाही तर टायर आतल्या कडेने झिजू लागतात. म्हणून आर्म फार तर जमिनीला समांतर होईल तिथेच थांबावे, असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न शॉकअपच्या उरलेल्या चालीचा, म्हणजे तो अजून किती दबू शकतो याचा. धूळकव्हर वर सरकवून शॉकअपच्या दांड्यावर, नळीला टेकेल असा, एक केबल टाय हलकेच आवळावा आणि चार माणसे बसवून नेहमीच्या रस्त्याने फिरून यावे. टाय जिथे सरकून थांबतो तिथपासून बंप स्टॉपपर्यंतचे (चाल संपताना आदळ झेलणाऱ्या ठोकळ्यापर्यंतचे) अंतर हीच आपली शिल्लक होय. ती ३० मिलिमीटर असताना गाडी ४० ने खाली घ्यायची, तर स्प्रिंग अधिक कडक हवी, नाहीतर प्रत्येक मोठा खड्डा थेट बॉडीत वाजेल. (स्प्रिंगचे वेटोळे कापूनही ती कडक होते, पण चाक अधांतरी लटकले की अशी आखूड स्प्रिंग आपल्या जागेवरून निसटू शकते, तेव्हा हा मार्ग नकोच.)

राहिला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. २४५० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) स्विफ्ट त्यावर चढली की दोन्ही चाकांमधल्या भागात उंचवटा फक्त ४४ मिलिमीटर भरतो. गल्लीतला अरुंद, उभट उंचवटा मात्र पूर्ण १० सेंटिमीटर मागतो. स्विफ्टच्या १६३ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समधून ४० वजा केले आणि प्रवासी-सामानाने गाडी आणखी ३० बसली, तर ९३ उरतात, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे चेंबर घासणारच. गाडी २० खाली घेतली तर तीच बेरीज ११३ वर थांबते.

स्प्रिंग बदलण्याआधी आणि नंतर, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे माप चारही बाजूंनी घेऊन ठेवावे. जमिनीपासून मोजले तर टायरमधल्या हवेचा फरकही त्या मापात मिसळतो.