जिनिंग दिवाळखोरीत गेली. आत ठेवलेला आपला माल परत कसा मागायचा?

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाला कुलूप लागलं, भिंतीवर नोटीस चिकटली की पहिला प्रश्न असतो: आत माझा कापूस आहे, तो मिळेल का? हे सगळं एकाच गोष्टीवर ठरतं. माल तुम्ही विकला होता, की नुसता ठेवला होता?

कंपनी अवसायनात गेली, म्हणजे कायमची गुंडाळायला काढली, की त्यासाठी नेमलेला अधिकारी, लिक्विडेटर, तिची मालमत्ता ताब्यात घेऊन विकतो आणि देणी भागवतो. पण दिवाळखोरी संहिता २०१६ च्या कलम ३६(४) नुसार कंपनीच्या ताब्यात असलेली दुसऱ्याच्या मालकीची वस्तू त्या विक्रीत धरता येत नाही. सांभाळायला दिलेला माल, भाड्याने दिलेला ट्रॅक्टर किंवा यंत्र, दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून ठेवलेली मालमत्ता हे सगळं अशा वगळलेल्या वस्तूंत येतं. कामगारांची पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातली देणीही वगळलेली आहेत.

आपल्याकडे खरी गुंतागुंत कापसाची. माल टाकायचा आणि भाव नंतर लावायचा, असं अनेक जण करतात. मालविक्री कायदा १९३० प्रमाणे किंमत नंतर ठरवायची असली तरी विक्रीचा करार होऊ शकतो. तसं ठरलं तर कापूस कंपनीचा आणि तुम्ही येणेकरी, म्हणजे तुमचे फक्त पैसे येणं बाकी. मग दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ च्या क्रमात आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणवाल्या बँका, पुढे सरकारी देणी, आणि तुमचा नंबर जवळपास शेवटी. म्हणून पावतीवर काय लिहिलंय ते भिंगातून बघावं. एका भाऊंनी मला पिशवीतून काटा-पावती काढून दाखवली होती; छपाई उडून कागद पांढरा पडलेला, फक्त कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं ‘ठेव’ शिल्लक होतं. तो एक शब्द त्यांच्या बाजूचा पुरावा होता. अशा पावतीची आजच झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटोही घ्या.

दुसरी अडचण मिसळण्याची. तुमचा कापूस कंपनीने तुम्हाला न विचारता आपल्या ढिगात टाकून गाठी बांधल्या आणि तो वेगळा करता येईना, तर करार कायदा १८७२ च्या कलम १५७ प्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. माल मात्र हातात येत नाही. तुमच्या संमतीने मिसळला असेल, तर कलम १५५ नुसार त्या ढिगात तुमचा हिस्सा राहतो.

लिक्विडेटरची जाहीर सूचना इंग्रजी आणि मराठी वृत्तपत्रात येते. त्यात त्याचा पत्ता, ईमेल आणि दाव्याची शेवटची तारीख असते. ती चुकवू नका. त्याला लेखी अर्ज द्या: कोणती वस्तू, किती वजन, कधी आणि कशासाठी दिली, आता आवारात कुठे आहे. सोबत आधार, काटा-पावती, ठेवीची पावती किंवा भाडेकरार, यंत्राचं बिल किंवा गाडीची आरसी, भाडं जमा झालेलं बँक पासबुक आणि फोटो जोडा. सातबाऱ्यावरची पीकनोंद कापूस तुमच्या शेतातला आहे हे दाखवायला उपयोगी पडते, मालकी मात्र ती एकटी सिद्ध करत नाही. मालकीचा अर्ज आणि पैशाचा दावा वेगवेगळे करा. मालकी नाकारली गेली तर पैशाचा दावा तरी मुदतीत नोंदलेला असतो.

लिक्विडेटरने नकार दिला तर दिवाळखोरी संहितेच्या कलम ६०(५) खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करता येतो. पैशाचा दावा फेटाळला असेल तर निर्णय हाती आल्यापासून १४ दिवसांत अपील. जिल्हा न्यायालयात कंपनीवर नवा दावा लावता येत नाही. आणि रात्री ट्रॉली लावून माल उचलायचा विचार मनातही आणू नका. हक्काचा माल असूनही गुन्हा अंगावर येऊ शकतो.

हे सगळं कंपनीसाठी. जिनिंग सहकारी असेल तर सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली निबंधकाने नेमलेल्या अवसायकाकडे जायचं. त्यामुळे अर्ज लिहायला बसण्याआधी जुन्या बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलंय की ‘सहकारी संस्था मर्यादित’, ते वाचून घ्या.