निकाह झाला, पण दाखला अडला: नागपुरात विवाह नोंदणीचा अर्ज कुठे परत येतो

मोमिनपुरा, टिमकी, जाफरनगर, ताजबाग अशा भागांतल्या लोकांचे विवाह नोंदणीचे अर्ज भरून देताना दर महिन्याला तीच ती माणसं तीच ती फाईल घेऊन परत येताना दिसतात. अर्ज नामंजूर झालेला नसतो, "हे आणा, ते आणा" म्हणून नुसता परत पाठवलेला असतो. मुलाची सुट्टी संपत आलेली असते, त्याला सौदीला किंवा दुबईला परतायचं असतं, बायकोच्या व्हिसासाठी दाखला हवा असतो आणि घरात सगळे एकमेकांवर चिडलेले असतात. म्हणून अर्ज जिथे खरोखर अडतो ती ठिकाणं इथे सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. निकाहनामा, म्हणजे निकाहच्या वेळी लिहिलेला कागद, हा निकाह झाल्याचा पुरावा आहे, पण तो महानगरपालिकेचा विवाह नोंदणी दाखला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2006 रोजी सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या प्रकरणात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. महाराष्ट्रात त्यासाठी 1998 चा विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम आधीपासून आहे. नोंदणी केली नाही म्हणून निकाह रद्द होत नाही, हे याच कायद्यात लिहिलं आहे. "नोंदणी नाही म्हणजे लग्नच नाही" असं सांगून कुणी घाबरवलं तर ऐकू नका.

पात्रता सोपी आहे. लग्नाच्या दिवशी मुलाला 21 आणि मुलीला 18 वर्षं पूर्ण हवीत आणि दोघांनी स्वतः हजर राहायला हवं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर दाखला तिथेच मिळतो, पुन्हा इथे यायची गरज नाही.

आता मुदत. ज्ञापन, म्हणजे विवाह नोंदणीचा अर्ज (नमुना 'ड'), लग्नाच्या तारखेपासून 90 दिवसांच्या आत द्यायचं असतं. आपल्याकडे निकाह आधी होतो आणि रुखसती, म्हणजे मुलीची सासरी पाठवणी, सहा महिन्यांनी, कधी वर्षाने होते. लोक दिवस मोजतात ते रुखसतीपासून किंवा वलीम्याच्या दावतीपासून. कार्यालय मोजतं निकाहपासून. मुदत उलटली तरी नोंदणी होते, उशिराचं शुल्क भरावं लागतं इतकंच. पण ते शुल्क टाळायला अर्जात रुखसतीची तारीख टाकू नका. निकाहनाम्यावर वेगळी तारीख आणि अर्जावर वेगळी तारीख, अशी फाईल त्याच दिवशी परत येते, आणि पुढे व्हिसाच्या वेळी तीच चूक नडते.

तारखेचा आणखी एक गुंता आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इस्लामी दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. शुक्रवारी मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, निकाह पढवला तर हिजरी हिशेबाने शनिवार लागलेला असतो. निकाहनाम्यावर फक्त हिजरी तारीख असली आणि कुणी ती मोबाईलवर इंग्रजी तारखेत बदलली, तर एक दिवस पुढची तारीख येते. लग्नपत्रिकेवर शुक्रवार, अर्जात शनिवार. परवा एक जोडपं आलं होतं, त्यांचं नेमकं हेच झालं होतं. निकाहनामा चार घड्या घालून खिशात ठेवलेला, कार्बन कॉपी, घडीवर शाई उडालेली, शिक्क्यातलं काझींचं नाव अर्धंच उमटलेलं. पोरीच्या वडिलांनी तो टेबलावर हाताने सपाट केला आणि म्हणाले, "यात सगळं आहे ना हो?" सगळं होतं, पण तारीख हिजरी होती आणि मजकूर उर्दूत होता. म्हणून निकाह पढवला जात असतानाच काझींना दोन्ही तारखा लिहायची विनंती करा. त्या क्षणी दोन मिनिटांचं काम असतं, नंतर तेच महिनाभराचं होतं.

निकाहनामा फक्त उर्दूत असेल तर मराठी तर्जुमा (भाषांतर) जोडावा लागतो. तर्जुमा करणाऱ्याचं नाव, पत्ता, सही त्यावर हवी. आम्ही तो नोटरीकडून साक्षांकित करून घेतो, म्हणजे पुन्हा प्रश्न येत नाही. उर्दू शाळेतले एखादे निवृत्त गुरुजी हे काम आनंदाने करून देतात. मेहेरची (नवऱ्याने बायकोला द्यायची) रक्कम, वकील (निकाहात मुलीच्या वतीने बोलणारा), गवाह (साक्षीदार), काहीही गाळू नका. "एवढं कशाला लिहायचं" म्हणून अर्धा तर्जुमा केलेले कागद मी पाहिले आहेत. ते परत येतात.

गवाहांचं गणित वेगळं आहे. निकाहला दोन गवाह पुरतात, ज्ञापनावर मात्र तीन साक्षीदार लागतात. तिसरा तिथे हजर असलेला कुणीही सज्ञान माणूस चालतो, मामू, खाला, शेजारी, मित्र. त्याचं नाव निकाहनाम्यात असलंच पाहिजे असं नाही. पण तिघांचेही ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे हवेत आणि ठरलेल्या दिवशी तिघांनी यायला हवं. लग्नाला आलेला हैदराबादचा चुलतभाऊ तिसरा साक्षीदार करू नका. तो परत येत नाही.

सगळ्यात जास्त अर्ज नावापायी अडतात. शाळेच्या दाखल्यावर "मोहम्मद", आधारवर "मोहद", बँकेत "मो.", पासपोर्टवर आणखी काहीतरी. "शेख" कुठे आधी, कुठे शेवटी. माणूस एकच, पण संगणकासाठी चार. चूक अर्जदाराची नसते. कुणीतरी घाईत टाईप केलेलं असतं आणि दुसऱ्या कुणीतरी ते तसंच मराठीत उतरवलेलं असतं. तरी हेलपाटे मात्र अर्जदाराच्याच नशिबी. उपाय असा: ज्या कामासाठी दाखला हवा आहे त्या कागदावरचं स्पेलिंग धरा. परदेशी जायचं असेल तर पासपोर्टवरचं. आधार आधी त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि मगच अर्ज भरा. मुलींसाठी आणखी एक गोष्ट: नोंदणी माहेरच्या नावाने होते. लग्न झाल्या झाल्या उत्साहाने आधारवर नवऱ्याचं नाव चढवलं, तर शाळेचा दाखला आणि आधार जुळत नाहीत. आधी नोंदणी, मग नाव. आणि नाव बदलायलाच हवं असाही काही नियम नाही.

विवाह लावणाऱ्याची सही ज्ञापनावर लागते. काही ठिकाणी "सरकारमान्य काझीच हवेत" असं सांगून लोकांना परत पाठवतात. याला काही आधार नाही. 1880 च्या काझी अधिनियमातच म्हटलं आहे की त्या कायद्यामुळे निकाहला काझी हजर असणं आवश्यक ठरत नाही. मशिदीच्या इमामसाहेबांनी निकाह पढवला असेल तर त्यांची सही आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत द्या. याच रकान्यावर बौद्ध कुटुंबंही अडतात. दीक्षाभूमीच्या या शहरात "भटजींची सही कुठे आहे?" हा प्रश्न अजून विचारला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. भन्तेजी किंवा बौद्धाचार्यांनी विधी केला असेल तर त्यांचीच सही चालते. ख्रिस्ती विवाहाला पाद्री, शीख विवाहाला ग्रंथी. रकाना विवाह लावणाऱ्याचा आहे, एका धर्माच्या पुरोहिताचा नाही.

दोघांपैकी कुणाचं हे दुसरं लग्न असेल तर इथे सावकाश वाचा. पहिला जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला पुरतो. तलाक झाला असेल तर कागद काय आहे ते आधी पाहा. 2019 च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरवला आहे आणि हा कायदा 19 सप्टेंबर 2018 पासून लागू मानला आहे. त्यानंतरच्या तारखेचा तसा लिहिलेला तलाकनामा जोडला तर अर्ज तर अडेलच, लिहून देणाऱ्यावर गुन्हाही होऊ शकतो. खुला (बायकोच्या मागणीवरून झालेला तलाक) किंवा आपसातल्या समझोत्याचा कागद असला तरी कुटुंब न्यायालयातून वैवाहिक स्थितीबद्दलची घोषणा घेणं सुरक्षित. वेळ लागतो, वकिलाचा खर्च होतो, पण त्या बाईचा पुढचा संसार एका कच्च्या कागदावर उभा करू नका.

बाकी नेहमीचंच: दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, कोर्ट फी स्टॅम्प. पत्रिका छापली नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र. हद्द मात्र तपासा. कामठी नागपूरला लागून असली तरी तिथली नगरपरिषद वेगळी आणि छावणी परिषद त्याहून वेगळी. शहराबाहेर ग्रामपंचायत असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) जायचं. शहरात आपला महानगरपालिकेचा झोन कोणता ते मालमत्ता कराच्या पावतीवर दिसतं.

वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांना आपापला धर्म न बदलता लग्न करायचं असेल तर वाट वेगळी आहे: 1954 चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवं, मग नोटीस, मग 30 दिवस हरकतींसाठी. लग्न नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लावायचं असतं. लोक हे तीन महिने हरकतींची मुदत संपल्यापासून मोजतात आणि तारीख हुकली की नव्याने नोटीस द्यावी लागते.

शेवटी, खिडकीवरून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्जाची पोच मागा, नकार असेल तर कारण लेखी मागा. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने हा हक्क दिला आहे, आणि नकारानंतर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. "लेखी द्या" एवढं शांतपणे म्हटल्यावर निम्म्या त्रुटी तिथल्या तिथे मिटताना मी पाहिल्या आहेत. दाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी दोघांची नावं आणि निकाहची तारीख अक्षर अक्षर वाचून घ्या.