गोळी कुणी झाडायची? विदर्भातल्या वाघाच्या शिकारीची पार्श्वभूमी

एखाद्या वाघाने माणसं मारायला सुरुवात केली की सगळ्यांचे डोळे नागपूरच्या वनभवनाकडे लागतात. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय इथेच आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार वाघाला ठार करण्याची परवानगी तेच देतात. परवानगी निघाली की वाद पेटतो, आणि हौशी बंदूकवाल्याला बोलवावं का, या प्रश्नावर येऊन अडतो. हा प्रश्न जुना आहे.

नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना सरकार वाघ मारणाऱ्याला बक्षीस देत असे. रानकुत्रीही उपद्रवी ठरवून मारली जात. आणि तोच वाघ साहेबांचा आणि संस्थानिकांचा खेळही होता. जंगलाचे ब्लॉक पाडून शिकारीचे परवाने दिले जात. आमिषाला हल्या (रेडा) बांधायचा, वाघाने तो मारला की जवळ मचाण बांधायचं आणि हाका घालायचा, म्हणजे गोंगाट करत वाघाला मचाणाकडे हाकलायचं. जखमी जनावर तसंच सोडून जायचं नाही, असे शिकाऱ्यांचे स्वतःचे नियमही होते. पण ते मचाणावर बसलेल्यांपुरते. खाली डबे बडवत, आरडाओरडा करत रान तुडवणारे हाकारे आसपासच्या गावांतले, बरेचदा गोंड, कित्येकदा बेगारीला धरून आणलेले. वाघ उलटून त्यांच्या रांगेत घुसला तर पहिला पंजा त्यांच्यावर. त्यांना या खेळात उतरायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. शौकाच्या शिकारीतला सगळ्यात मोठा अन्याय मला इथे दिसतो.

ताडोबा तलावाकाठी ज्याचं ठाणं आहे तो गावप्रमुख तारू वाघाशी झुंजताना मेला, अशी कथा आहे. त्याचा देव झाला आणि पौषात त्याची जत्रा भरू लागली. त्या झुंजीत हौसेचा लवलेश नाही.

हौस कुठवर जाते हे १९४७ साली आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात दिसलं. रात्री मोटारीच्या उजेडात तिथल्या राजाने तीन चित्ते टिपले. देशातल्या मूळच्या चित्त्यांची ती शेवटची निश्चित नोंद मानली जाते. ताडोब्यात शिकारबंदी १९३५ मध्येच झाली होती, पण बाहेरच्या जंगलात स्वातंत्र्यानंतरही शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना वाघ मारायला आणत होत्या. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं.

तरी बंदूकवाला पुरता गेला नाही. यवतमाळच्या पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या टी-१ उर्फ अवनी वाघिणीचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गाजलं. आधी बेशुद्ध करा, ते जमलं नाही तरच गोळी घाला, असा आदेश होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री एका खासगी नेमबाजाच्या गोळीने ती मेली. तिचे दोन बछडे मागे राहिले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियम मोडल्याचं पुढे आलं. शहरांत निषेध झाले, त्या गावांत फटाके वाजले.

त्या फटाक्यांवर शहरात बसून नाक मुरडू नये. कपाशीच्या शेतात जाताना जीव मुठीत धरणारे ते लोक होते. पण वाघाला मारणं अटळच ठरलं, तर ते काम वनखात्याच्या प्रशिक्षित, चौकशीला बांधील असलेल्या माणसानेच करावं. त्यासाठी खात्याने स्वतःची पथकं उभी करायला हवीत.